गाडीला लागलेली हळद

वीरण्णा मोंढ्यात दिसले नाहीत, की माणसं विचारणाऱ्याला सांगायची, "घरी जावा. सुमोखाली दोन पाय दिसतील, त्या पायांना हाक मारा."

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं बारदान्याचं दुकान होतं. जुनी पोती घ्यायची, फाटलेली शिवायची, सुगीला विकायची. फाटलं म्हणून टाकायचं नसतं, हा धंद्यातला नियम त्यांनी घराला लावला आणि गाडीला तर जरा जास्तच लावला. ती मोठी पांढरी सुमो घेतली तेव्हा घरात भावकी नांदत होती. येळवसेच्या सणाला शेतात जेवायला जाताना सगळं घर आंबिलाच्या मडक्यासकट तिच्यात मावायचं. पुढं भाऊ वेगळे झाले, मुलं पुण्याला गेली, गाडीचा रंग उडाला. गॅरेजवाले 'भंगारात द्या' म्हणू लागले तेव्हा वीरण्णांनी गॅरेजची पायरी चढणंच सोडलं. ग्रीस भरणं, ब्रेकचे लायनर बदलणं, बेल्ट ताणणं ते आपले आपणच शिकले. सीटा उसवल्या तर पोत्याच्या सुईनं, सुतळीनं शिवल्या. दाराचं रबर गेलं तर सायकलची ट्यूब चिरून बसवली. आपला हात आहे तोवर गाडीला मरण नाही, अशी त्यांची समजूत होती.

शिवकांताबाई म्हणायच्या, "माझे गुडघे वरीसभर करकर करून राहिलेत. तिथं बी जरा ग्रीस भरा की."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. उदगीरला नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. चहाच्या टपरीवर मात्र एकच विषय, उदगीर जिल्हा होणार. कलेक्टर कचेरी कुठं बसायची, हेसुद्धा माणसं ठरवून मोकळी झाली होती. अशात मुखेडहून वीरण्णांच्या धाकट्या बहिणीचा, लक्ष्मम्माचा फोन आला. लेकीचं, उमादेवीचं लग्न ठरलं होतं.

"अण्णा, बाप न्हाई तिला. मांडवात तिला तूच आणायची. मामा म्हणून तूच उभा राहायचास."

"हे काय सांगणं झालं? आन वरात माझ्या गाडीतून जाईल," वीरण्णा म्हणाले.

"गाडीचं मरू दे. तू वेळेवर ये. एसटीनं ये, पण ये."

नवरीची हळद मामाच्या घरून जाते, अशी त्यांच्यात रीत. शिवकांताबाईंनी हळकुंडं आणून घरीच उखळात कुटली. लक्ष्मम्माचे शेजारी भुजंगराव बाजाराला उदगीरला आले होते, त्यांच्या हाती ती पुढं पाठवली. थोडी डब्यात उरली.

वीरण्णांनी आदल्या दिवशीच निघायचं ठरवलं होतं, पण सुमोच्या रेडिएटरला गळती लागली. थेंब थेंब पाणी खाली पडत होतं आणि शिवकांताबाई त्याखाली परात लावत होत्या. मोंढ्यात येणारे ट्रकवाले सांगायचे, चिमूटभर हळद रेडिएटरात टाकली की बारीक गळती बुजते. वीरण्णांनी डबा काढला. चिमटीनं थेंब थांबतो तर मुठीनं कायमचा थांबेल, असा त्यांनी हिशेब केला. ट्रकवाल्यांची हळद दुकानातली, पिठासारखी असायची आणि ही उखळातली भरड होती, एवढं काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी चांगल्या दोन मुठी घातल्या.

"अवं, नवरीची हळद गाडीला लावलाव!" शिवकांताबाई ओरडल्या.

"मग? तिला बी लग्नाला जायचंय."

गळती थांबली. रात्रभर जमीन कोरडी राहिली. वीरण्णा इतके खूश झाले, की सकाळी निघताना त्यांनी शेजाऱ्याला बोलावून ती कोरडी जमीन दाखवली.

जळकोटपर्यंत गाडी गुणानं चालली. जळकोट सोडलं आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढायला लागला. मग बॉनेटमधून वाफ आली. वीरण्णांनी गाडी कडेला घेतली, जरा निवू दिली, बरोबरच्या कॅनमधलं पाणी ओतलं. गाडी थोडी पुढं गेली आणि पुन्हा उकळली. बहिणीचा फोन आला.

"अण्णा, कुठवर आलास?"

"आलोच. जळकोट सोडलं."

"सगळं ठीक हाय ना?"

"अगं ठीक. वाटेतच हाय."

शिवकांताबाई म्हणाल्या, "खरं सांगा की तिला. कोणाला तरी मोटरसायकल देऊन धाडतील."

"सांगितलं तर मांडवभर हसतील. वीरण्णाची गाडी बसली म्हणतील. पाच मिनिटांचं काम हाय."

जवळच वस्ती होती. टँकर येणार म्हणून बायका घागरी मांडून बसल्या होत्या. वीरण्णा कॅन घेऊन गेले. धुरपताबाई नावाची एक म्हातारी सगळ्यांत पुढं होती.

"प्यायला मागा, देते. गाडीला न्हाई."

"मावशी, लग्नाला जायचंय. मुहूर्त चुकंल."

"कुठले म्हणायचे तुमी?"

"उदगीरचे."

"हाव, ते जिल्हा मागून राहिलेत तेच ना? मग पाणी बी तिकडंच मागा," म्हातारी म्हणाली आणि बायका हसल्या. पण तिनं आपल्या घागरीतून तांब्या भरला आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या शिवकांताबाईंना नेऊन दिला. त्या घोटभर प्यायल्या. उरलेलं पाणी गाडीत ओतायचं धाडस वीरण्णांना झालं नाही.

तेवढ्यात मुखेडची एसटी आली. शिवकांताबाईंनी हात केला. एसटी थांबली, दार उघडलं.

"चला," त्या म्हणाल्या.

वीरण्णा एक पाय एसटीच्या पायरीकडं आणि तोंड सुमोकडं करून उभे राहिले. काच फुटलेली, कुलूप न लागणारी गाडी उघड्या रस्त्यावर टाकून जायची? इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी असं टाकलं नव्हतं. शिवाय दोष कुठं आहे ते आता त्यांच्या ध्यानात येत होतं. खालचा पाइप काढून साफ केला की झालं.

"तू जा. मी मागनं येतोच," ते म्हणाले.

"मामा तुमी हाव. मी एकटी जाऊन काय करू?"

"काका, येताव का न्हाई?" कंडक्टर म्हणाला. वीरण्णांनी मान हलवली. शिवकांताबाईही खाली उभ्या राहिल्या आणि एसटी निघून गेली.

त्यांनी पाइप सोडवला. आतून पाणी आलं नाही, पिवळा घट्ट लगदा आला. तारेनं कोरला तरी निघेना. आतल्या सगळ्या नळ्या लिंपून गेल्या होत्या. वीरण्णा नव्या धोतराला हात पुसत तिथंच खाली बसले. फोन पुन्हा वाजला. तो त्यांनी घेतला नाही. पुष्कळ वेळानं कडब्याचा टेम्पो आला आणि सुमो तिथंच टाकून दोघं त्यातून गेले.

मांडवात पोचले तेव्हा अक्षता होऊन पंगती बसल्या होत्या. लक्ष्मम्मा समोर आली. ती रागावली असती तर वीरण्णांना बरं वाटलं असतं.

"फोन तरी घ्यायचास अण्णा," ती हळूच म्हणाली. "वाट बघितली रे. लग्न लावणारे स्वामी दोनदा थांबले. मग मुलाकडचे लोक कुरकुर करायला लागले."

"मग पोरीला कोणी आणलं?"

"भुजंगरावांनी. मीच म्हणाले, तुमी उभे राहा."

उमादेवी येऊन पाया पडली. "मामा, जेवा आधी," म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. वीरण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, पण हाताला काळं वंगण होतं. त्यांनी तो मागं घेतला.

ते पंगतीच्या शेवटाला जाऊन बसले. पलीकडं मुलाकडचे लोक भुजंगरावांना आग्रह करत होते, "मामा, अजून एक पोळी घ्याच." भुजंगराव कानकोंडे होऊन वीरण्णांकडं बघत होते. तेवढ्यात मुलाकडचे एक वयस्क गृहस्थ वाढप्याबरोबर रांगेनं विचारपूस करत आले. नवे पाहुणे दिसले म्हणून हात जोडून थांबले.

"शरणार्थ. उशीर झाला वाटतं? आपण नवरीचे कोण?"

वीरण्णांनी तोंडातला घास गिळला. त्यांनी एकदा भुजंगरावांकडं पाहिलं. त्या माणसानं त्यांची जागा सांभाळली होती. आता चार लोकांत त्याला खोटं पाडायचं कसं?

"मी उदगीरचा," ते म्हणाले. "पाहुणा."