औंढ्याच्या वाटेवरून मागं फिरलो

मी महादेवाचा गुरव. सेनगाव तालुक्यात गोरेगावच्या पलीकडं, ओढ्याकाठी आमचं गाव आहे आणि गावाच्या वरच्या अंगाला देऊळ. पिंडीला पाणी घालायचं, बेल वाहायचा, गाभारा झाडायचा, आल्यागेल्याच्या हातावर तीर्थ द्यायचं, हे काम आमच्या घरात बापजाद्यांपासून चालत आलेलं. असं असूनही मधल्या काळात माझा देवावरचा विश्वास पार उडाला होता. पूजा करणाऱ्यानं असं लिहू नये, असं कोणी म्हणेल. पण जे घडलं ते सांगायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

पावसाळा सरता सरता माझं नाक चोंदलं. सर्दी समजून वाफ घेतली, ओव्याची पुरचुंडी हुंगली. उजवी नाकपुडी बंद झाली ती उघडेचना. मग नाकाच्या बाजूला सूज आली. दुखत नव्हतं, ताप नव्हता, म्हणून दुर्लक्ष झालं. हिंगोलीत दाखवलं तेव्हा नाकातलं मांस वाढलंय असं कळलं आणि ते कापून काढलं. दिवाळीपर्यंत मोकळा श्वास घेतला. दिवाळीनंतर सूज परत आली आणि या वेळी ती नाकावर थांबली नाही. गाल चढला, वरचा ओठ जाड होऊन लोंबू लागला. बोट दाबून पाहिलं तर आत लाकूड असल्यासारखं घट्ट लागायचं.

नांदेडला नाक-कान-घशाचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं गेलो. शांत, भला माणूस. त्यांनी सुजेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तपासणी होईपर्यंत मी आणि बायको एकमेकांशी कॅन्सर हा शब्दसुद्धा बोललो नाही. कॅन्सर नाही असं कळल्यावर बायकोनं दवाखान्याच्या दारातच हात जोडले. पण मग आहे काय, ते कळेना. टीबीचा एखादा प्रकार असेल म्हणून त्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी लघवी लाल झाली, अन्नावरची वासना गेली, अंगातली ताकद गेली. सूज मात्र आपली वाढतच राहिली.

चेहरा बिघडला की माणसाचं काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं. गावानं मला एकही वाईट शब्द बोललेला नाही, हे आधी सांगतो. आधी सगळे विचारपूस करायचे. मग विचारणं कमी झालं. तीर्थासाठी हात पुढं यायचा, नजर वर जायची आणि हात हळूच मागं व्हायचा. "राहू द्या मामा, आज घाईत हाय." असं रोज कोणी ना कोणी घाईत असायचं. लेकरं आईच्या मागं लपायची. एक दिवस गावातली चार जाणती माणसं घरी आली, चहा घेतला, खूप वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता म्हणाली, "गुरवबुवा, बरं होईस्तोवर धाकट्याला करू द्या पूजा. तुमालाबी आराम." मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून माझा धाकटा भाऊ देवळात जाऊ लागला.

त्या वर्षी महाशिवरात्रीला मी घरात बसून होतो. देवळातली घंटा सकाळपासून वाजत होती. जन्मापासून एकही शिवरात्र मी गाभाऱ्याबाहेर काढली नव्हती. घरात बसून मला एकच प्रश्न पडत होता, की मी या महादेवाचं काय वाकडं केलं होतं. दारू नाही, कुणाशी तंटा नाही, आणि सगळ्या गावात त्याला माझंच तोंड सापडलं. प्रश्नाला उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हणजे वर कोणी नाहीच, असं मला त्या दिवशी वाटलं आणि ते वाटणं मोठं गार होतं. राग असता तरी बरं झालं असतं.

मी गोळ्या बंद केल्या. बायकोच्या ते लक्षात आलं.

"अवं, गोळ्या काहून सोडल्या?"

"काय करायचं घेऊन? या तोंडानं जगण्यापरीस सुटलेलं बरं."

ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही, पण तिचा आवाज फुटला. "तुमी सुटाल. म्या कोनाकडं बघू?"

मी उठून ओट्यावर जाऊन बसलो.

काही दिवसांनी मी औंढ्याला जायला निघालो. लोकांना वाटलं नागनाथाला नवस बोलायला निघालाय. खरं तर मला काही मागायचं नव्हतं. आयुष्यभर एका पिंडीपाशी राबलो, आता दुसऱ्या पिंडीपाशी जाऊन सांगावं, की माझ्याकडून हे संपलं. पुढं काय करायचं ते मनाशी नीट ठरलं नव्हतं, आणि ठरलं नव्हतं तेच बरं झालं. फोन घरीच ठेवला होता. हिंगोलीहून एसटीत बसलो. उपरण्यानं तोंड झाकून घेतलं होतं, पण नाक बंद असल्यानं तोंडानं श्वास घ्यावा लागायचा आणि तो घरघर वाजायचा. शेजारी एक बाई तान्हं लेकरू घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं दोनदा पाहिलं, लेकरू छातीशी धरलं आणि उठून पुढं जाऊन उभी राहिली. बस हलत होती, धरायला हात मोकळा नव्हता, तरी ती उभीच राहिली. मला ते बघवेना. पुढच्या थांब्यावर मी उतरलो. कोणतं गाव तेही विचारलं नाही.

ऊन चढलं होतं. रस्त्याच्या कडेला काढणी झालेल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या आणि एका लिंबाखाली मी टेकलो. समोर एक म्हातारा धनगर मेंढी धरून बसला होता आणि एक बाई तिला सुई टोचत होत्या. सरकारी गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर होत्या त्या, वय पस्तिशीच्या आसपास, पायात धुळीनं भरलेले बूट. काम संपवून त्या पाणी प्यायला लिंबाखाली आल्या. घोट घेता घेता माझा श्वास ऐकून त्यांनी मान वळवली.

"मामा, नाकाला काय झालंय?"

मी उपरणं वर ओढलं. त्या जवळ येऊन उकिडव्या बसल्या. "लपवू नका. बघू द्या मला."

किती दिवसांत कुणी माझ्या तोंडाकडं असं सरळ पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं, विचारून गालाला हात लावला, सूज दाबली, दुखतं का विचारलं, कुठं कुठं दाखवलं ते विचारलं. मग म्हाताऱ्याकडं वळून म्हणाल्या, "लिंबाजी, बघा बरं. तुमच्या मेंढ्यांसारखंच वाटतंय."

म्हातारा आला, माझ्याकडं बघत उभा राहिला. "व्हय," म्हणाला. "अशीच सुजायची. अशीच घोरायची."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते असं. मागच्या पावसाळ्यात लिंबाजीच्या कळपातल्या काही मेंढ्यांची नाकं सुजली, त्यातून रक्त येऊ लागलं. कोणतंही औषध लागू पडेना. शेवटी त्यांनी मेलेल्या मेंढीच्या नाकातला तुकडा परभणीला तपासायला पाठवला. निघाली बुरशी. तसली बुरशी क्वचित माणसाच्या नाकातही शिरते, असं त्यांनी तेव्हा वाचलं होतं. मेंढीकडून माणसाला लागत नाही, माणसाकडून माणसालाही नाही. "मी माणसांची डॉक्टर नाही, मामा. माझं चुकतही असेल. पण तुमच्या डॉक्टरांना एवढंच सांगा, की बुरशी शोधा."

खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. आता जनावराच्या आजारापर्यंत आलो, असंच वाटलं. मी लिंबाजीला विचारलं, "तुमच्या वाचल्या का?"

"न्हाई," तो म्हणाला. "कळेस्तोवर उशीर झाला व्हता. एक एडका व्हता, माझ्या मागं मागं फिरायचा लेकरावानी. त्योबी गेला." मग म्हणाला, "तुमाला अजून उशीर झाला नसंल. जा तुमी."

रस्त्यावर आलो. आधी औंढ्याकडं जाणारी बस आली. मी हात केला नाही. थोड्या वेळानं हिंगोलीकडची आली, तिच्यात चढलो. देवाच्या दारापर्यंत जाऊन मागं फिरणं आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल. पण मला त्या वेळी देवाला सांगायचं होतं ते सगळं विसरायला झालं होतं. त्या म्हाताऱ्यानं "जा" म्हटलं आणि मी गेलो, एवढंच.

नांदेडच्या डॉक्टरांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. माझे जुने कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, "हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नेहमीच्या तपासणीत ती पटकन दिसत नाही. शोधायची म्हणून शोधावी लागते." त्यांनी पुन्हा खोलवरचा तुकडा काढला आणि बुरशीच्या तपासणीसाठी मोठ्या शहरात पाठवला. तिथं तो तुकडा काचेच्या ताटलीत वाढवला गेला आणि बुरशी उगवली. तीच, मेंढ्यांतली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की ही ओल्या मातीत, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात राहते. हजारो माणसं ती श्वासातून घेतात, काही होत नाही. एखाद्यालाच होतं, का ते कुणाला माहीत नाही. "तुमचा कुजक्या पाल्याशी संबंध येतो का?"

मी हो म्हटलं. देवळामागं निर्माल्याचा खड्डा आहे. वाहिलेला बेल, फुलं रोज त्यात पडतात, पाण्यानं कुजतात. पावसाळ्यात तो खड्डा मी हातानं उपसतो. निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून आत उतरून, वाकून, स्वतः.

घरी आलो. आजाराचं नाव कळलं, औषध कळलं, तरी त्या दिवसाएवढा मी कधीच खचलो नव्हतो. महादेवाच्या अंगावरून उतरलेल्या बेलानंच माझं तोंड खाल्लं. बायकोला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"पाल्याला काय कळतं तुमी गुरव हाव का कोन," ती म्हणाली. "पाल्यात व्हतं, नाकात गेलं. देवानं धाडलं आसं म्हनाल, तर मंग त्या डाक्टरीनबाईला कोनी धाडलं, तेबी सांगा."

मी म्हटलं, मला दोन्ही माहीत नाही.

"मंग गोळी घ्या," ती म्हणाली.

औषध सोपं नव्हतं. पाण्यात मिसळून घ्यायचे थेंब होते, वाढवत न्यायचे. तोंडात गंजलेल्या लोखंडाची चव दिवसभर राहायची. डोळ्यांतून पाणी, अंगावर पुटकुळ्या, पोटात ढवळून यायचं. जोडीला गोळ्या. किती महिने घ्यायच्या, ते डॉक्टरही सांगू शकत नव्हते. उन्हाळा गेला तरी आरशात तोच चेहरा. कितीदा तरी बाटली ओढ्यात फेकून द्यावी वाटलं. तेव्हा देव आठवत नसे. लिंबाजीचा एडका आठवायचा, ज्याला हे थेंब मिळाले नव्हते. मग मी पेला उचलायचो. ही भक्ती होती असं मी म्हणणार नाही.

एके सकाळी ओट्यावर बसलो होतो आणि म्हणालो, "अगं, दूध करपायलंय." बायको चुलीकडं धावली, पातेलं उतरवलं आणि तशीच हातात धरून उभी राहिली. मग माझ्याही लक्षात आलं. दिवाळी गेली, पुढचा पावसाळा आला, तोवर मला कशाचाही वास आला नव्हता. ती खाली बसून पदरात तोंड घालून रडली. इतके दिवस ती माझ्यादेखत रडली नव्हती.

सूज हळूहळू मऊ पडली, उतरली. नाक वाकडं राहिलं, ओठाची एक बाजू जड राहिली, ते आता असंच राहणार. मी परत देवळात जातो. काही माणसं अजूनही तीर्थ घ्यायला भाऊ असेल तेव्हा येतात. खड्डा उपसायला आता फावडं आहे आणि नाकातोंडाला फडकं. परत उलटू शकतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

थोडं बरं झाल्यावर मी आणि बायको त्या डॉक्टरीणबाईंना भेटायला गेलो. दवाखान्यात एका गाईच्या पायाला पट्टी बांधत होत्या. त्यांनी मला चटकन ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा हातातलं काम तसंच ठेवून माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी आभार मानायला लागलो तर त्यांनी थांबवलं.

"मामा, परभणीहून कळलं ना, तेव्हा त्या मेंढ्यांतली एकही जिवंत नव्हती. आता कळून काय उपयोग, असं वाटलं होतं. नोकरी सोडावी इथपर्यंत मनात आलं होतं." मग म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं झालं."

मी प्रसादाची साखर पुढं केली. त्या जरा हसल्या. "मी देवबिव फारसं मानत नाही, मामा."

"नका मानू," मी म्हटलं. "साखर खा."

त्यांनी खाल्ली.

परतताना बसमध्ये मी त्यांच्या बोलण्याचाच विचार करत होतो. त्या शिवरात्रीला मी घरात बसून वर कोणी नाही असं म्हणत होतो, तेव्हा ही बाईही कुठंतरी तसंच हात टेकून बसली होती, आणि लिंबाजी त्याच्या कमी झालेल्या कळपाकडं बघत. माझं दुःख एकट्याचं आहे असं धरून मी त्याचा हिशेब देवाला मागत होतो. त्यानं हिशेब दिला नाही. आम्हा तिघांना एका लिंबाखाली आणून बसवलं, आणि तेही त्यानंच केलं की नाही, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मेंढ्या गेल्या त्या गेल्याच. माझं नाक वाकडं ते वाकडंच. पण आता का, असं मी विचारत नाही. विचारायचं सोडल्यावर हात रिकामे झाले, आणि रिकामे हात त्याच्यापुढं जोडायला फार सोपे जातात.