धानाच्या काट्यावर आई

माझं शिक्षण हिंदीत झालं आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून आईबद्दल मराठीत लिहायचं धाडस करतो आहे त्याची आधीच माफी मागतो. काल कॉलेजच्या आरोग्य शिबिरात वजनकाट्यावर उभा राहिलो आणि कटंगीजवळची राईस मिल आठवली. मागच्या हिवाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा आईसोबत धान घेऊन तिथे गेलो होतो. तिचं अंग सुजल्यासारखं वाढत चाललं होतं आणि माझ्या सांगण्यावरून तिने सहा महिने रात्रीचा भात सोडला होता. पोती मोजून झाल्यावर ती हौसेने स्वतःच काट्यावर चढली. "पाह्य बरं बाबू, कमी झाली असन मी." आकडा मागच्या वेळेपेक्षा चार किलो जास्त निघाला. हमाल म्हणाला, "काकू, तुम्ही तं दीड पोतं झाल्या!" आईही हसली, पण मला लाज वाटली आणि मी सगळ्यांसमोर बोललो, "आई, तू चोरून खाते काय?" तिचं हसू विझलं. "नाही रे," एवढंच म्हणून ती उतरली आणि कोंड्याच्या पोत्याचं तोंड धरून उभी राहिली. कोंड्याची धूळ पापण्यांवर बसत होती, तरी तिने ती पुसली नाही. पुढे पावसाळ्यात धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती शेतात, बांधीतच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे रक्त तपासलं. ताईचा फोन आला, "आईले थायरॉइड हाय. वजन त्यानंच वाढत होतं. रोज उपाशीपोटी गोळी घ्यायची, हळूहळू उतरन म्हणे. आन् आई पुसून राह्यली, रातच्याले थोडासा भात खाल्ला तं बाबू रागावन काय?"