नंबरचा गॉगल

काच फुटली तेव्हा मी मैदानाच्या कडेला बसले होते. समोरच्या टीमच्या शूटरने मारलेला बॉल आमच्या यांच्या तोंडावर बसला, चष्मा फुटला आणि भुवईतून रक्ताची धार लागली. सगळे धावले. हे खाली बसून मातीत काचा शोधत होते आणि म्हणत होते, "काय न्हाई, काय न्हाई. खेळा तुमी." त्यांना तसंच उचलून गदागदा हलवावं असं मला वाटलं. डोळ्यावर रक्त उतरतंय आणि हा माणूस दुसऱ्यांचा खेळ थांबला म्हणून ओशाळलाय!

यांचं नाव गहिनीनाथ. नगरजवळ केडगावात एका पिठाच्या गिरणीवर कामाला आहेत. गाव पाथर्डी तालुक्यात. आई-बाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे यांची शाळा निम्मं वर्ष गावात आणि निम्मं कारखान्याच्या तळावर झाली. फळ्यावरचं काही दिसायचं नाही. गुरुजींना वाटायचं पोरगं मठ्ठ आहे, आईला वाटायचं गुरुजी म्हणतात तर असेल, आणि यांना वाटायचं की सगळ्या जगाला असंच दिसतं. झाडाचं पान न् पान लांबून वेगळं दिसतं, हे यांना लग्नानंतर कळलं, मी ओढत नेऊन डोळे तपासून आणले तेव्हा. दोन्ही डोळ्यांना चार नंबर निघाला. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं कसं चालवलंत हो? हे म्हणाले, "चाललं." मला तिथंच रडू फुटलं. लेकराला दिसत नाही हे एकाच्याही ध्यानात येऊ नये? त्या गुरुजींचा, त्या ऊसतोडीच्या मुकादमाचा, सगळ्यांचा मला आजही राग येतो.

तो "चाललं" किंवा "चालंल" हा शब्द तर यांच्या जिभेवर मुक्कामालाच असतो. भाजी अळणी झाली तरी चालंल. एसटीत उभं राहावं लागलं तरी चालंल. गिरणीच्या मालकाने सणाच्या दिवशी बोलावलं तरी चालंल. लोक म्हणतात, किती गरीब स्वभाव! मी मनात म्हणते, चार दिवस राहा या गरीब स्वभावाबरोबर, मग बोला.

फक्त शूटिंग बॉलच्या मैदानावर हा माणूस बदलतो. व्हॉलीबॉलसारखीच जाळी, पण बॉल बंद मुठींनी मारायचा. आमच्या भागात उन्हाळाभर गावोगाव सामने होतात आणि चाळिशी उलटलेले बाप्येसुद्धा ईर्षेने खेळतात. हे जाळीपाशी असतात. सणसणत आलेला बॉल अडवायचा, उंच चढलेला अलगद पलीकडे सोडायचा. गिरणीच्या घरघरीत दिवसभर ज्यांचा शब्द ऐकू येत नाही, ते तिथं असे ओरडतात की बांधावर झोपलेली कुत्री उठून बसतात. तो आवाज ऐकायला मी आठवडाभर ब्लाउज शिवून मोडलेली पाठ घेऊन दर रविवारी यांच्याबरोबर गावाला जाते.

यांचा चष्मा काचेचा का, तर गिरणीमुळे. पिठाने माखलेला चष्मा हे दिवसातून कितीदा तरी शर्टाच्या टोकाने पुसतात. प्लॅस्टिकच्या भिंगावर त्याने चरे पडतात, काचेवर पडत नाहीत. गिरणीत ठीक आहे हो. पण तोच चष्मा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने डोक्याला बांधून हे खेळायला उतरायचे. त्यात आमच्या मैदानाला चारनंतर ऊन थेट समोरून येतं. पांढरा बॉल उन्हात गेला की गुप्त. त्या दिवशीही तसंच झालं, बॉल दिसला तोवर तो तोंडावर आला होता.

भुवईला टाके घालताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "पुन्हा काच लावून मैदानात गेलात तर एक दिवस डोळा हातात घेऊन याल माझ्याकडे. न फुटणाऱ्या भिंगाचा, नंबरचा, खेळायचा गॉगल करून घ्या. नसेल जमत तर खेळ बंद करा."

"बंद करतो मग. चालंल," हे म्हणाले.

त्या एका शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं सोडलं, आता हेही सोडणार? दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी म्हटलं, "खेळ सुटणार न्हाई आन् डोळाबी जाणार न्हाई. चला गॉगल बघायला."

नगरमधल्या पहिल्या दुकानात पोरगा कानात ते वायर नसलेलं यंत्र घालून उभा. खेळायला पाहिजे म्हटल्यावर त्याने गालापर्यंत वळलेला काळाकुट्ट गॉगल काढला. "हाच चालतो सध्या, सगळे क्रिकेटवाले घेतात." कुठला खेळ, उजेड कुठून येतो, एका शब्दाने विचारलं नाही. त्याच फ्रेममध्ये यांचा नंबर बसवून दिला. दुकानात घालून बघितल्यावर यांना विचारलं, कसं वाटतं? उत्तर मला माहीतच होतं. बाहेर पडताना हे पहिल्याच पायरीवर धडपडले. मी दंडाला धरलं म्हणून वाचले. मग तोंड उघडलं. "जमीन जरा वर आल्यासारखी वाटती. आन् कडंचं सगळं वाकडं दिसतंय."

"मंग आत का न्हाई सांगितलं?"

"त्यानं एवढं बनवलं हुतं."

मी परत आत गेले आणि काउंटरवर गॉगल आदळला. पोरगा म्हणाला, मॅडम, सवय होईल. मी म्हटलं, वाकड्या जमिनीची सवय तू कर. पुढचं काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण गॉगल परत घेतला गेला.

दुसरं दुकान भिंगारच्या बाजारात सापडलं. स्नेहल नावाची मुलगी बसते तिथं. तिने आधी यांना दुकानात उभं करून खेळून दाखवायला लावलं. हे लाजले, पण मी डोळे वटारल्यावर हवेत मुठी मारल्या, वर बघितलं, उडी मारली. तिने ते नीट पाहिलं. म्हणाली, "काका, तुमच्या नंबराला एवढी वळलेली फ्रेम चालत नाही, कडेचं वाकडंच दिसणार. सरळ घेऊ. काळं भिंगही नको, ऊन उतरल्यावर तुम्हाला बॉलच दिसणार नाही. तपकिरी घालून बघा." मग यांना दारात उन्हात उभं केलं आणि समोरच्या गच्चीवरची पांढरी बादली दाखवली. काळ्यातून दिसते का, तपकिरीतून दिसते का? हे चालंल म्हणाले की ती म्हणायची, "चालेल नको काका, दिसतं का नाही ते सांगा." मला त्या पोरीला मिठी मारावीशी वाटली. न फुटणारं भिंग, नाकाला रबर, मागे घट्ट करायचा पट्टा, घामाची वाफ जायला कडेला बारीक भोकं. गिरणीसाठी फुटलेल्या चष्म्यात नवी काचही तिथंच बसवून घेतली. तयार झालेला गॉगल घालून हे दारात गेले आणि कितीतरी वेळ नुसते वर बघत राहिले. "घारी दिसत्यात," म्हणाले.

गावात मात्र वेगळंच. आमच्याकडे काळा चष्मा दोघांनीच लावायचा, मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्याने नाहीतर घोड्यावरच्या नवरदेवाने. पहिल्या रविवारी अर्धं गाव विचारून गेलं, गहिनीनाथ, डोळा गेला का रं? उरलेल्यांनी शिट्ट्या मारल्या. हे खाली मान घालून हसले. पण बॉल वर गेला आणि यांनी उन्हात नजर लावून तो असा उचलला की शिट्ट्या आपोआप थांबल्या. त्यानंतर चारपाच रविवार आमची टीम हरली नाही.

मे महिन्यात आमच्या गावाने मोठे सामने ठेवले, आणि शेवटच्या सामन्याच्या दिवशीच भावकीत लग्न निघालं. यांचा चुलतभाऊ आदिनाथ, त्याच्या मुलाचं, ज्ञानेश्वरचं. लग्न मुलाच्या दारात होतं. मी सकाळपासून बायकांबरोबर पुऱ्या लाटत होते. हे बॅग घेऊन मैदानावर गेले होते, गॉगल बॅगेत आहे असं मी धरून चालले होते.

चार वाजून गेल्यावर बँड वाजला. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. मी पिठाचे हात पदराला पुसत बघायला आले. भरजरी फेटा, गळ्यात नोटांचा हार, आणि डोळ्यांवर तपकिरी गॉगल. मागे फेट्याखालून पट्टा लोंबत होता.

क्षणभर मला वाटलं आपल्यालाच भास होतोय. शेजारी आदिनाथ नाचत होता. त्याला ओढून बाजूला घेतलं आणि विचारलं, हा गॉगल कुणाचा?

"गहिनीनाथचा की! भारी दिसतोय ना वहिनी? सकाळी मागितला, लगेच दिला त्यानं. देवदर्शन झालं की पाठवतो म्हणलो हुतो, पन मुहूर्तच लांबला."

"आन् सामना?"

"आवो, एक दिवस गिरणीच्या चष्म्यावर खेळंल की. चालंल म्हणला."

या माणसाने टाके पाहिले होते. टाके घातले त्या दिवशी घरी येऊन हळहळून गेला होता. तरी त्याला पोराच्या फोटोपुढे भावाचा डोळा दिसला नाही. आणि ज्याचा डोळा, त्यालाही दिसला नाही! कोणावर जास्त चिडावं तेच कळेना.

मी सरळ घोड्यापुढे जाऊन उभी राहिले. बँड अडखळला. ज्ञानेश्वर बिचारा घोड्याची आयाळ दोन्ही हातांनी धरून आखडून बसला होता. मी म्हटलं, "खाली वाक रं." काकू ओवाळणार असं वाटून त्याने मान खाली केली. मी पट्टा सोडवला आणि गॉगल काढून घेतला.

"बरं झालं काकू," तो हळूच म्हणाला. "मला तर देवळाची पायरीबी दिसंना."

मागे बायका ओरडल्या, भर मिरवणुकीत नवरदेवाच्या तोंडाला हात घातला म्हणून. कुणी अपशकुन म्हणालं. मी वळून बघितलं नाही. पिठाच्या हातात गॉगल धरून मी मैदानाकडे पळत सुटले. वाटभर यांना शिव्या देत होते आणि देवाला हात जोडत होते, दोन्ही एकाच दमात.

सामना रंगात आला होता. हे जाळीपाशी उभे होते, डोक्याला ट्यूबची पट्टी, डोळ्यांवर काच, समोरून ऊन. बॉल वर गेला की हे डोळे मिचकावत भलतीकडे बघत होते. आपलेच लोक ओरडत होते, आंधळा झाला का रं? समोरचा शूटर यांच्याच अंगावर मारत होता. एक बॉल कानाजवळून गेला.

मी रेघ ओलांडून आत शिरले. पंचाने शिट्टी फुंकली, कुणीतरी म्हणालं बाई बाहेर व्हा. मी यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि ओरडले. सगळ्या गावासमोर ओरडले. "त्याच्या फोटोसाठी डोळा फोडून घेताय? तुमचा डोळा काय भावकीचा हाय व्हय? आन् फुटला तर मला काय सांगणार हुता, चालंल?"

मी काचेचा चष्मा ओढून काढला आणि गॉगल हातात दिला. त्यांनी तो घातला, वर बघितलं, मग समोर बघितलं. एवढ्यात आदिनाथ मोटारसायकलवरून आला. तोही तापला होता.

"गहिनीनाथ, पाहुन्यांसमोर इज्जत घालवली वहिनीनं! घोडा तसाच उभा हाय. देवळापुढचे फोटो राहिल्यात. अर्धा तास दे, मी सोता आणून देतो."

यांचा हात पट्ट्याकडे गेला. मला वाटलं, काढला. देतोय आता. त्या क्षणी मी ठरवलं होतं, यांनी गॉगल काढला तर मी इथूनच एसटी धरायची आणि माहेरी जायचं.

यांनी पट्टा एक घर आवळला.

"आदिनाथ," हे म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण मी तसा कधी ऐकला नव्हता. "सकाळी मागितला तवा तुला माझी भुवई दिसली न्हाई का? तू माझ्या टाक्यांला हात लावून बघितला हुता. मला दिसत न्हाई, हे ल्हानपनापास्नं कुनालाच दिसलं न्हाई. तुला म्हाईत असून दिसलं न्हाई. जा आता, सामना चालू हाय."

आदिनाथ उभाच राहिला. यांनी त्याच्याकडे पाठ केली, पंचाला हात केला आणि जाळीपाशी जाऊन उभे राहिले. पंच मला पुन्हा बाहेर व्हा म्हणाला. मी रेघेबाहेर येऊन मातीत बसले. इतकी वर्षं या घरात दोघांच्या वाट्याचा राग मी एकटीच करत आले होते.