भाच्याच्या नावाने घेतलेल्या गाड्या

मी गाड्या जमवायची. खऱ्या नव्हे, खेळण्यातल्या. पण प्लॅस्टिकच्या नव्हेत हो, धातूच्या. मुठीत मावायच्या आणि हाताला चांगल्या जड लागायच्या. दारं उघडायची, बॉनेट खाली ओढायचं, मागची चाकं फिरवून आत घ्यायची, की गाडीचा रोबो उभा. नव्वद सालानंतरच्या चार-पाच वर्षांत माझ्याकडे अशा अकरा झाल्या. तेव्हा मी दोन मुलींची आई होते, आणि मुलींना त्या गाड्यांचं काही म्हणजे काही नव्हतं.

माझं सासर रोह्याला, माहेर पेणला. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा. आषाढ लागला की मी महिनाभर पेणला जाऊन गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. मुलींना सासूबाई बघायच्या, ते त्यांचे उपकार मी आजही मानते. माझ्याकडे लग्नाआधीपासून डोळ्यांची आखणी होती. मूर्ती सगळी रंगवून झाली की शेवटी डोळे. तिथे हात चुकला तर देव रागावलेला दिसतो, म्हणून ते काम सगळ्यांच्या हाती देत नसत.

एका वर्षी मुंबईचं गिऱ्हाईक आलं. त्या माणसाने मालकापुढे एक लाल गाडी ठेवली, खटाखट तिचा रोबो केला आणि म्हणाला, "आमच्या मंडळाचा गणपती ह्याच्या खांद्यावर बसवा."

मालक म्हणाले, "आणि उंदीर?"

"उंदीर गाडी चालवेल."

आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसलो. पण ऑर्डर ती ऑर्डर. ती गाडी नमुना म्हणून आठ दिवस माझ्या पाटाजवळ राहिली. बाकीच्या जेवायला उठल्या की मी ती उघडायची आणि मिटायची. पहिल्या दिवशी अर्ध्यातच अडकली, ना गाडी ना माणूस. मग कळलं, आधी खांदे वळवायचे आणि मग चाकं. आमच्याकडे साच्यातून निघालेला हात एकदा जोडला की जोडला, नंतर हलला तर मूर्ती फुकट गेली. हेही साच्यातूनच निघालेलं, पण ह्याचा प्रत्येक सांधा हलण्यासाठीच केलेला. कुणीतरी किती डोकं लावलं असेल, ह्याचंच मला नवल वाटायचं. गिऱ्हाईक नमुना घेऊन गेलं, तर दोन दिवस माझ्या बोटांना करमेना.

पेणला एस.टी. स्टँडजवळ खेळण्यांचं दुकान होतं. तिथे तशीच गाडी दिसली, निळी.

"कुणासाठी, ताई?" दुकानदाराने विचारलं.

आता काय सांगायचं? माझी नणंद पेणमध्येच दिलेली, तिला एक मुलगा. तोंडातून निघालं, "भाच्यासाठी."

"किती वर्षांचा?"

"सहा."

तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेल. मग दर आषाढात दोन-तीन गाड्या व्हायला लागल्या आणि भाचा आपला सहाचा सहाच.

घरी त्या ट्रंकेत, शालूखाली. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की काढायच्या. एक गोष्ट मात्र मला खटकायची. रोबोंचे डोळे फार वाईट रंगवलेले असत, एक कपाळावर तर एक गालावर. मी बारीक ब्रश घेऊन सगळ्यांचे नीट केले. गाडी मिटली की तोंड आत जातं, त्यामुळे ते कुणाला दिसायचा प्रश्न नव्हता.

पाचव्या वर्षी गौरींना नणंद माहेरी आली. मी तिला वन्सं म्हणते, मोठी ना ती. पायावर पाणी घेतलं, तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाली, "वहिनी, माझ्या लेकाच्या गाड्या कुठं हायत गो? स्टँडजवळच्या दुकानात तुझा विषय निघाला, तर तो दुकानदार म्हणतो, तुमच्या सहा वर्षांच्या मुलाचं नशीब, मामी काय लाड करते! मी म्हटलं, कोण सहा वर्षांचा? माझ्या मुलाला मिसरूड फुटलंय, औंदा दहावीला हाय!"

नवरा तिथेच चहा पीत होता. म्हणाला, "पाच वर्षं सहाचाच? मला पण ने गो त्या दुकानात, मी चाळीसचा राहीन."

मी ट्रंक उघडली. अकराच्या अकरा सतरंजीवर मांडल्या. शेजारणीही बघायला आल्या. माझ्या आहेत म्हणून सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण गौरी बसलेल्या, घर भरलेलं, आणि दोन मुलींच्या आईने म्हणायचं काय, की मी खेळते?

सासूबाई म्हणाल्या, "पोराच्या नावाने घेतलेली वस्तू दुसऱ्याने ठेवू नाय. दे तिला."

दिल्या. कापडी पिशवीत एकेक मिटून मीच भरल्या, कारण दुसऱ्या कुणाला मिटता येत नव्हत्या. वन्संला पोचवायला स्टेशनवर गेले तेव्हा माझं सगळं लक्ष त्या पिशवीवर होतं. ती आपली पिशवी पायाशी टाकून लाडू सांभाळत बसली. तो दिवस मला जड गेला, एवढंच सांगते.

पुढच्या आषाढात पेणला गेले ती वन्संकडे डोकावले. बघते तर शोकेसमध्ये, कपबशांच्या खालच्या कप्प्यात, अकराही गाड्या रांगेत. भाच्याला विचारलं, खेळतोस का रे? तो म्हणाला, "मामी, मी कॉलेजला जातो आता." म्हणजे वर्षभर एकही उघडली नव्हती. वन्सं चहा ठेवायला आत गेली. मी काच सरकवली, निळी काढली. बोटांना सगळं आठवत होतं. रोबो करून जागेवर ठेवली आणि चहा पिऊन निमूट निघाले.

चार दिवसांनी वन्सं कारखान्यातच आली. माझ्यापुढे एक मूर्ती होती, एक डोळा झालेला, दुसरा व्हायचा होता. ती नुसती माझ्या हाताकडे बघत उभी. दुसरा डोळा झाल्यावर मी ब्रश ठेवला, तेव्हा तिने पिशवीतून निळा रोबो काढून मूर्तीशेजारी धरला.

"वहिनी, हे डोळे तुझे हायत."

मी ब्रश पुसायला घेतला.

"भाच्यासाठी घेतलेल्या खेळण्याला कोण एवढं डोळे आखत बसतं गो?"

मग मी सांगितलं. भाच्यासाठी नव्हत्या, माझ्याच होत्या, पहिल्यापासून.

"मग तेव्हाच बोलायचं ना, बाई! मी मेली रोज उठून धूळ पुसते त्यांची!" आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या आणि मीही. जरा वेळाने तीच हळू आवाजात म्हणाली, "आईला सांगू नको. ती म्हणेल, दिलेलं परत घेतलं."

त्या वर्षी रोह्याला जाताना नऊ गाड्या माझ्या पिशवीत होत्या. दोन वन्संने ठेवून घेतल्या, शोकेस रिकामी दिसते म्हणून. त्यांतली एक निळी. मला ती हवी होती, पण मागितली नाही. पुढे कितीतरी वर्षं मी गेले की ती आतून ओरडायची, "वहिनी, त्या दोघांना उभं करून जा गो, गाड्या बघून कंटाळा आलाय!" आणि पुढच्या खेपेला, "आता बसव त्यांना." तिला शेवटपर्यंत जमलं नाही. ती आधी चाकंच फिरवायची.