दौलतरावांच्या डोक्याचं माप

ऋषभच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या लग्नात माझी पगडी मठ्ठ्याच्या पातेल्यात पडली. दोष सर्वस्वी माझा. बायकोनं पगडीच्या आत वर्तमानपत्राची चौपदरी घडी घालून दिली होती. ती कपाळाला टोचायला लागली म्हणून मी गुपचूप काढून खिशात टाकली आणि पाचच मिनिटांत नवरीच्या आजीच्या पाया पडायला वाकलो. पगडी पुढे गेली, मी मागे राहिलो. आजींचा आशीर्वादाचा हात हवेतच थांबला. वाढपी पळी घेऊन मला विचारतो, "मामाजी, निकालूं या रहने दूं?"

पगडी बांधली होती मल्हारगंजातल्या दौलतरावांनी. त्यांचे पूर्वज सरदारांच्या पगड्या बांधायचे, हे नवरदेवांच्या बांधतात. पद्धत मात्र तीच. तयार पगडी द्यायची तर ती आधी स्वतःच्या डोक्यावर बांधायची. लाकडी साच्याचं नाव काढलं की भडकायचे. "लाकडाला कपाळ असतं का, भिया? कुठं आवळतंय ते त्याला काय समजणार!" त्यांचं डोकं असं बेताचं, की त्यावर बांधलेली पगडी निम्म्या इंदूरला बसायची.

तीन-चार वर्षांपासून मात्र पगड्या ढिल्या यायला लागल्या होत्या. पण दौलतरावांना ते सांगणार कोण? प्रत्येकाला वाटायचं, आपलंच डोकं आटलंय. माझे तर केस गेलेलेच होते, त्यामुळे मला शंकाही आली नाही. परदेशीपुऱ्यापासून बड्या गणपतीपर्यंत माणसं पगडीत कापूस, रुमाल, एक व्याही तर स्वतःचा पायमोजा कोंबून मिरवत होती. तोंडातून ब्र नाही.

मी तक्रार करायला निघालो, तेव्हा माझी मुलगी संहिता बरोबर होती. ती डॉक्टर आहे. माझं मठ्ठापुराण चालू असताना ही आपली एकदा भिंतीवरचा दौलतरावांचा जुना फोटो बघते, एकदा त्यांच्याकडे बघते. फोटोतला जबडा आणि समोरचा जबडा दोन वेगळ्या माणसांचे वाटावेत असे होते. रोज भेटणाऱ्या आम्हाला ते कधी दिसलंच नव्हतं.

"काका, चपलेचा नंबर किती?"

"पहले आठ होता, आता दहा. कंपनीवाले आजकाल नाप छोटं करून राहिलेत."

"अंगठी घालत नाही?"

"घट्ट झाली, कापावी लागली. हाताला सूज आहे थोडी."

आतून शालिनीवहिनी म्हणाल्या, "घोरतात किती तेही विचार, बेटा. आणि मी बाजूला उभी राहिले तर यांना दिसतच नाही! लग्नाला तीस वर्षं झाली, इतका भाव कधी खाल्ला नव्हता."

आम्ही हसलो. संहिता हसली नाही.

रक्त तपासलं, एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. दौलतरावांच्या त्या ग्रंथीत गाठ होती. कॅन्सर नव्हे, पण ती वाढीचं हार्मोन बेसुमार सोडत होती, म्हणून साठीच्या माणसाचे हात, पाय, जबडा, कपाळ, सगळं वाढत सुटलं होतं. शिवाय गाठ डोळ्यांच्या नसांना दाबत होती. ऑपरेशन लवकर केलं नाही तर नजर जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

दौलतराव म्हणाले, "डोक्याला हात लावायचा नाही. हा माझा कारखाना आहे."

"काका, डोकं उघडत नाहीत. नाकातून जातात."

"नाकातून? मल्हारगंजची गल्ली आहे काय ती, कुठूनही घुसायला?"

आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मी गेलो, तर शालिनीवहिनींनी त्यांना स्टुलावर बसवलं होतं. म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही." मग लाल कापडाचा पट्टा एका हातात आणि हिरवा दुसऱ्या हातात घेऊन त्यांनी दोन्ही हात फाकवले. "लाल कोणत्या बाजूला?"

"अगं, आधी धर तर!"

वहिनींचे दोन्ही हात तसेच वर होते. दौलतरावांनी मान वळवली, लाल पाहिला, मग हिरवा पाहिला. ज्यानं जन्मभर रंगावर रंग बसवले त्या माणसाला हातभर अंतरावरचा रंग दिसला नव्हता. बराच वेळ ते मांडीवरच्या कापडाची चुणी नखानं सरळ करत राहिले. मग म्हणाले, "संहिताला फोन लाव."

ऑपरेशन झालं. चार-सहा दिवस नाक चोंदलेलं आणि स्वभाव त्याहून चोंदलेला. पण महिनाभरात हातांची सूज उतरली, घोरणं अर्ध्यावर आलं आणि एक दिवस ते खुशीत ओरडले, "शालिनी, तू बाजूला उभी राहून तोंड वाकडं करतेस ते दिसतंय मला!"

"इतकी वर्षं करतेय. आता दिसलं होय!" वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

सगळं मागे फिरलं असं नाही. सकाळी गोळी, महिन्याला इंजेक्शन, ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. आणि हाड एकदा वाढलं की कमी होत नाही. जबडा राहिला, कपाळही राहिलं. पगड्यांसाठी ते डोकं कायमचं बाद. आम्हाला वाटलं, आता हे धंदा गुंडाळणार, नाहीतर लाकडी साचा आणणार.

दौलतरावांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. त्यांनी टेप घेऊन अख्ख्या गल्लीची डोकी मोजली आणि माझं पसंत केलं. आता दर रविवारी सकाळी मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसतो, ते माझ्या डोक्यावर पगडीचे पेच देतात. कानाजवळचे पेच तर असे बसतात की बघत राहावं. माझी मान अवघडते, पण मान आहे हो त्यात! परवा मी जरा फुशारक्या मारत विचारलं, "दौलतराव, खरं सांगा, एवढ्या मल्हारगंजात माझंच डोकं का निवडलंत?"

तोंडातली टाचणी काढून ते म्हणाले, "तुमचं वाढायची भीती नाही."