एकशे एक्कावन्नवाले वकीलसाहेब

युक्तिवाद संपत आला की वकीलसाहेब चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "कायद्यात सोय नाही म्हणून कोर्टाचे हात बांधले जात नाहीत." मग यायचं कलम एकशे एक्कावन्न : न्यायासाठी लागेल तो हुकूम काढण्याचा कोर्टाचा अंगभूत अधिकार. मलकापूरच्या दिवाणी कोर्टात आम्ही कारकून त्यांना मागून 'एकशे एक्कावन्न'च म्हणत असू. असा एखादा हट्टी वकील तुम्हीही पाहिला असेल.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. दाव्यात जप्त झालेली एक बैलजोडी कोर्टाच्या आवारात उपाशी उभी होती. चारा कोणी घालायचा, हे कुठल्याच कागदात नव्हतं. वकीलसाहेबांनी त्याच कलमाखाली अर्ज दिला. न्यायाधीश हसले, पण कडब्याचा हुकूम निघाला. पेंढ्या वकीलसाहेबांनी स्वतः सोडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात न्यायाधीश नवे आले. एका हमालाच्या घराचा ताबा मालकाला देण्याचा निकाल झाला. हमाल क्षयाने अंथरुणाला खिळलेला. बायको माहेरी सोय लावेपर्यंत वकीलसाहेबांनी त्याच कलमाखाली त्याच्यासाठी आठ दिवस मागितले.

"अपिलाची वाट आहे ना? मग अंगभूत अधिकार वापरता येत नाही," न्यायाधीश म्हणाले. अर्ज फेटाळला.

वकीलसाहेब माझ्या टेबलाशी आले. ताब्याचं वॉरंट मीच लिहीत होतो.

"बाबू, हे उद्या लिहिलं तं कोनाचं काय बिघडते? मी आत्ताच बुलडाण्याले जातो, जिल्हा कोर्टातून स्थगिती आनतो."

"मले अधिकार नाही, वकीलसाहेब."

वॉरंट त्याच दिवशी निघालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बेलीफाने हमालाची बाज बाहेर निंबाखाली ठेवली. संध्याकाळच्या मोटारीने वकीलसाहेब स्थगितीचा हुकूम घेऊन उतरले, तेव्हा हमालाचा जीव गेला होता.

"आता काऊन आले, वकीलसाहेब?" त्याच्या बायकोने विचारलं. ते कोटासकट तिथंच मातीत बसले.

त्यानंतर ते कोर्टात आले नाहीत. दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. खूप वाळले होते. मी म्हणालो, "हुकूम तं न्यायाधीशांचा होता."

"त्याहिच्या आड कायदा होता, बाबू. एक दिवस तं तुह्या हाती होता."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा पाजला, फाटकापर्यंत सोडायला आले. थंडी सरायच्या आत ते वारले.

मी निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर वॉरंटं लिहिली. एका दिवसासाठी विनवायला पुन्हा कोणी आलं नाही.