खालच्या मजल्याची सही

स्प्लित शहराच्या बंदरामागच्या गल्लीत पेरिना व्रानचिच चाळीस वर्षं पाहुण्यांना खोली भाड्याने देत आली होती. नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही. तिला जगवलं त्या खोलीनेच. चादरीला सुरकुती दिसली की ती स्वतःलाच शिव्या घाले.

मग नवा नियम आला. पुढच्या वर्षापासून पाहुणे ठेवायचे, तर ज्याच्या छतावर ते चालणार त्या खालच्या घराच्या मालकाची लेखी संमती हवी. खाली राहत होता स्तिपान, निवृत्त गोदीकामगार.

"दुपारी दोन ते पाच डोक्यावर पाऊल वाजलं नाही, तर हंगाम संपताना सही करीन," तो म्हणाला. "वाजलं, तर तुझा कागद मांजराखाली अंथरीन."

"मांजरही उठून जाईल, म्हाताऱ्या!"

उन्हाळाभर पेरिनाने दुपारी जिन्यात खुर्ची टाकून पहारा दिला. हंगामाचे तीन दिवस उरले असताना शेजारीण वारली. दफन दुपारी तीनला होतं, आणि तिथे न जाणं या गल्लीत कुणी माफ करत नाही. वर उतरलेल्या तिघा तरुणांना तिने हात जोडून सांगितलं, "पोरांनो, तेवढं पाचपर्यंत!"

काळ्या कपड्यांत ती परतली, तेव्हा जिन्यावर रक्त होतं. ती गेल्यावर पोरं दारू पिऊन पलंगावरून उड्या मारू लागली होती. स्तिपान गोदीतला लोखंडी आकडा घेऊन वर गेला आणि त्याने दार फोडलं. तिघांनी त्याचं मनगट पिरगाळून मोडलं, त्याला जिन्यावरून लोटलं. आता एकजण त्याच्या बरगड्यांवर लाथा घालत होता. हाड मोडल्याचा आवाज पेरिनाने ऐकला.

तिने जिन्यालगतच्या गच्चीतली मासे भाजायची लोखंडी जाळी उचलली आणि त्या पोराच्या तोंडावर हाणली. दात उडाले. दुसऱ्याच्या कोपरावर घाव बसला, तो किंचाळत पळाला. तिसरा हात वर करून भिंतीला चिकटला, तरी तिने त्यालाही एक ठेवून दिली.

पोलीस आले, तेव्हा ती स्तिपानचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने सुजलेला डोळा उघडला. "कागद आणलास?"

"नाही. सूप आणलंय."

"आणला असतास तरी सही केली नसती."

"माहीत आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही केली नसती. तोंड उघड."

त्याने उघडलं. पहिला चमचा पेरिनाने घाईने भरवला, आणि सूप त्याच्या हनुवटीवरून ओघळलं.

"नीट भरव," तो म्हणाला. "तुला आता वेळच वेळ आहे."